अल्टरनेटर ‘गेला’ म्हणजे नेमके काय गेले?

चालत्या गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीचे लाल चिन्ह पेटले, की गॅरेजमध्ये निदान तयारच असते : अल्टरनेटर गेला, नवा टाका. बहुतेक मालक मान डोलावतात, कारण ॲल्युमिनियमच्या त्या जाळीदार डब्यात काय असते हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. प्रत्यक्षात अख्खा अल्टरनेटर एकदम क्वचितच जातो. जातो त्यातला एखादा भाग. बहुतेक वेळा तो सर्वांत स्वस्त भागांपैकी एक असतो आणि बाजारात सुटा मिळतो.

आत फारसे गूढ नाही. मधोमध तांब्याच्या तारेची एक गुंडाळी आणि तिच्याभोवती पंज्यासारखे लोखंडी ध्रुव असलेला रोटर फिरतो. दोन कार्बन ब्रश स्लिप रिंगवर टेकून त्या गुंडाळीला थोडासा प्रवाह पुरवतात, साधारण 3 ते 5 अँपिअर. त्यातून रोटर चुंबक बनतो आणि सभोवतालच्या स्टेटरच्या तीन वेटोळ्यांत एसी वीज तयार होते. डायोड प्लेटवरचे डायोड तिची डीसी करतात. रेग्युलेटर, ज्याला अनेक मेकॅनिक ‘कटआउट’ म्हणतात, रोटरचा प्रवाह कमीजास्त करून व्होल्टेज 14 च्या आसपास धरून ठेवतो. शिवाय दोन बेअरिंग, एक पुली आणि पंखा. हिशेब इथे संपतो.

जुन्या फियाट आणि अँबेसेडर गाड्यांतल्या डायनॅमोला कम्युटेटर असे, तो झिजे, आणि आयडलिंगला गाडी उभी असताना चार्जिंग जवळजवळ बंद पडे. सिलिकॉन डायोड स्वस्त झाले तेव्हा हे बदलले. 1960 मध्ये क्रायसलरने आपल्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवला. डायनॅमोच्या काळातल्या काही सवयी मात्र आपल्याकडे टिकून आहेत. त्यातली एक फार महाग पडते.

ती म्हणजे चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून पाहणे. ‘तार काढल्यावर गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब, चालू राहिली तर चांगला’ ही परीक्षा आजही रस्त्याकडेला सर्रास केली जाते. ती चुकीची तर आहेच, धोक्याचीही आहे. बॅटरी गाडीच्या विजेतले चढउतार स्वतःत जिरवते. ती अचानक सुटली, की रोटरचे चुंबकत्व लगेच ओसरत नाही आणि निर्माण झालेल्या विजेला जायला वाट उरत नाही. क्षणभर व्होल्टेज उसळते. 12 व्होल्टच्या गाड्यांसाठीच्या आयएसओ 16750-2 या मानकात या उसळीची चाचणी 79 ते 101 व्होल्टवर होते. एवढ्या फटक्याने रेग्युलेटर, डायोड, प्रसंगी इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयूसुद्धा जातो. म्हणजे तपासण्याआधी धडधाकट असलेला अल्टरनेटर तपासणीतच मरू शकतो. हा प्रकार ताबडतोब थांबायला हवा, कारण त्याला साधा पर्याय काही शे रुपयांत मिळतो : डिजिटल मल्टीमीटर.

इंजिन बंद ठेवून काही तासांनी पाहिले तर भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू केल्यावर आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान आला, हेडलाइट आणि एसीचा पंखा लावूनही 13.5 च्या खाली गेला नाही, तर चार्जिंग ठीक आहे. आकडा 15 च्या वर गेला तर रेग्युलेटरवर संशय घ्यावा. वाढलाच नाही, तरीही लगेच अल्टरनेटर उतरवू नये. आधी बेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झाला आहे का ते पाहावे. मग मुख्य फ्यूज. मग तारा : दिवे चालू असताना अल्टरनेटरचा जाड स्क्रू आणि बॅटरीचे धन टोक यांच्यात 0.3 व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर वीज वाटेतच अडते आहे. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातही असाच फरक मोजावा. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत अर्थिंगची पट्टी हिरवट पडून कुजते. अशा गाडीला नवा अल्टरनेटर लावून काही उपयोग नाही.

नव्या गाड्यांत आणखी एक फसगत होते. अनेक मॉडेलमध्ये आता ईसीयूच अल्टरनेटरला किती व्होल्टेज ठेवायचे ते सांगतो. बॅटरी भरलेली असेल तर इंधन वाचवण्यासाठी तो आकडा मुद्दाम 12.5 च्या आसपास आणतो. जुन्या आडाख्याने पाहणारा त्यालाच बिघाड समजतो.

उलटही घडते. रोज सकाळी गाडी सुरू होत नाही, चार्जिंग मात्र बरोबर दिसते, म्हणून लोक बॅटरी बदलतात. नवी बॅटरीही आठवड्याभरात तशीच. अशा वेळी डायोड प्लेट हा पहिल्या संशयितांपैकी एक असतो. डायोड गळका झाला, की गाडी बंद असताना वीज बॅटरीतून उलटी अल्टरनेटरमध्ये शिरते आणि रात्रभर झिरपत राहते. बंद गाडी साधारण 50 मिलिअँपिअरपर्यंत वीज घेते. त्याहून बरीच जास्त घेत असेल आणि अल्टरनेटरची जाड तार सोडवल्यावर ती कमी होत असेल, तर चोर सापडला. मल्टीमीटर एसीवर ठेवून चालू इंजिनवर बॅटरीपाशी अर्ध्या व्होल्टहून जास्त एसी दिसणे, हीदेखील डायोडच्याच बिघाडाची खूण.

‘बॅटरी पार उतरली असेल तर धक्का मारून सुरू करा आणि तासभर फिरवा, अल्टरनेटर भरून देईल’ हा सल्लाही तसाच घातक. 90 अँपिअरचा अल्टरनेटर आयडलिंगला पूर्ण ताकद देत नाही, आणि त्या वेळी पंखाही मंद फिरत असतो. रिकामी बॅटरी सतत मोठा प्रवाह ओढते, वेटोळी आणि डायोड तापतात. अशी बॅटरी आधी घरच्या प्लगवरच्या चार्जरने भरून घ्यावी. याउलट, जास्त अँपिअरचा अल्टरनेटर बॅटरी ‘जाळतो’ ही भीती निराधार आहे. व्होल्टेज रेग्युलेटरच्या हातात असते आणि प्रवाह मागणीपुरताच वाहतो. फक्त मुख्य तार आणि फ्यूज त्या क्षमतेचे हवेत.

आता उघडण्याकडे. सर्वांत आधी बॅटरीची ऋण तार काढावी, कारण अल्टरनेटरच्या जाड स्क्रूवर चावी बंद असतानाही थेट वीज असते. पाना तिथून बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात. ब्रश बदलायला अख्खा अल्टरनेटर फोडावा लागतो, हाही गैरसमजच. अनेक बॉश रचनांत ब्रश आणि रेग्युलेटर एकत्र असतात आणि मागचे दोन स्क्रू काढले की हातात येतात. कार्बन जेमतेम 5 मिलिमीटर बाहेर उरला असेल तर तो बदलायचा. सुटा कार्बन सोल्डर करताना त्याची विणलेली तार मुळाशी पक्कडीने धरून ठेवावी. सोल्डर वर चढले तर तार ताठ होते आणि ब्रश स्प्रिंगवर मोकळा सरकत नाही.

पूर्ण खोलायचा असेल तर पुढच्या-मागच्या दोन्ही अर्ध्या भागांवर सलग रेघ ओढून ठेवावी, नाहीतर जोडताना बसवायचे कान भलत्याच दिशेला येतात. रोटरच्या दोन स्लिप रिंगांमध्ये साधारण 2 ते 4 ओम दिसायला हवेत, आणि रिंग व शाफ्ट यांच्यात अजिबात जोड दिसता कामा नये. डायोड एका दिशेने अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही. स्टेटरच्या बाबतीत मात्र मल्टीमीटर अपुरा पडतो. वेटोळ्यांचा रोध इतका कमी असतो की आतल्या आत चिकटलेले वेढे त्यात दिसत नाहीत. तिथे डोळे आणि नाक जास्त कामाचे : काळपट तारा, जळका वास. असा स्टेटर रिवाइंड करून मिळतो. पण रोटरही गेला असेल तर मात्र चांगला रीकंडिशन अल्टरनेटर घेणेच शहाणपणाचे.

सुट्या भागांबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे गाडीचे नाव सांगितले की पुरे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नुसते मॉडेलचे नाव घेऊन जाणाऱ्याला दोन फेऱ्या ठरलेल्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल आवृत्त्यांत वेगळ्या कंपन्यांचे अल्टरनेटर असू शकतात : ल्युकास टीव्हीएस, बॉश, डेन्सो, व्हॅलेओ, मित्सुबिशी. खरी ओळख असते बॉडीवरच्या पट्टीत, तिथल्या पार्ट नंबरमध्ये. पट्टी पुसली असेल तर जुना भागच घेऊन जावा आणि काउंटरवर शेजारी ठेवून पाहावा : कनेक्टरच्या पिना किती, स्क्रूची भोके कुठे.

बेअरिंग हा त्याला सुखद अपवाद. ते गाडीच्या दुकानात मागायची गरजच नाही, कारण त्याचा क्रमांक जगभर एकच. पण आकडा काटेकोर हवा. 6203 आणि 6303 दोन्ही 17 मिलिमीटरच्या शाफ्टवर बसतात. पहिल्याचा बाहेरचा व्यास 40, दुसऱ्याचा 47. शिवाय इंजिन 6000 फेऱ्यांवर असताना लहान पुलीमुळे अल्टरनेटर 15,000 च्या आसपास फिरतो. पंख्यात चालणारे स्वस्त बेअरिंग इथे फार टिकत नाही. दोन्ही बाजूंनी रबरी सील, तापमान सोसणारे ग्रीस आणि जुन्यावर सी3 कोरलेले असेल तर नव्यावरही तेच. शाफ्टवर बसवताना दाब फक्त आतल्या कड्यावर द्यायचा.

काही ठिकाणी हौशी हाताने थांबावे. टाटा इंडिका, सुमो, महिंद्रा बोलेरो यांसारख्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीशी व्हॅक्यूम पंप जोडलेला आढळतो, आणि ब्रेक हलका लागतो तो त्याच्यामुळे. पंपाचे सील गळले की तेल आत शिरून ब्रश चिकटतात. तेव्हा ब्रश बदलून भागत नाही, सील बदलावेच लागते. जोडणी झाल्यावर आधी उभ्या गाडीत ब्रेक पेडल दाबून पाहावे, मगच गिअर टाकावा. मारुतीने 2015 मध्ये सियाझ डिझेलपासून आणलेल्या एसएचव्हीएस या माइल्ड हायब्रिड गाड्यांत तर अल्टरनेटरच्या जागी स्टार्टर आणि जनरेटर एकत्र असलेले यंत्र आहे. ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर खोलण्याची वस्तू नाही.

साधा अल्टरनेटर मात्र जोडून झाल्यावर आधी हाताने फिरवून पाहावा. खरखर नको, अडकणे नको, फक्त ब्रशचा हलका घासल्याचा आवाज चालेल. मग बेल्ट ताणून, तारा घट्ट करून आणि बॅटरीची ऋण तार सर्वांत शेवटी जोडून चावी फिरवायची. इंजिन सुरू होण्याआधी लाल चिन्ह पेटलेच पाहिजे. अनेक जुन्या गाड्यांत त्याच बल्बमधून रोटरला पहिला प्रवाह मिळतो, आणि बल्ब उडालेला असेल तर निर्दोष अल्टरनेटरही गप्प राहतो.