जुन्या ट्रॅक्टरचे ग्लो प्लग : दोष प्लगमध्ये की तारेत ?

पौषातील पहाट. द्राक्षबागेवर औषध मारावयाचे आहे, उसाची गाडी कारखान्यावर न्यावयाची आहे आणि दारचा जुना ट्रॅक्टर काही केल्या सुरू होत नाही. स्टार्टर फिरतो, धुराड्यातून पांढरा धूर निघतो, परंतु इंजिन पेट घेत नाही. निफाडसारख्या भागात काही वर्षी पारा 5 अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. अशा थंडीत ही तक्रार हमखास ऐकू येते. मग बाजारातून चारही ग्लो प्लग नवे आणून बसविले जातात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर पुन्हा तसाच अडून बसतो. कारण दोष पुष्कळदा प्लगमध्ये नसतो, तो तारेत असतो. म्हणून विद्युत्प्रवाह नेमका कोठे थांबला हे शोधल्यावाचून प्लग बदलू नयेत.

ग्लो प्लगचे कार्य

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत डिझेल फवारले गेले की ते आपोआप पेटते. ज्या जुन्या इंजिनांत डिझेल प्रथम एका लहान पूर्वकक्षात फवारले जाते, तेथे या कक्षाच्या थंड भिंती हवेतील उष्णता शोषून घेतात. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक कक्षात ग्लो प्लग, म्हणजेच हीटर प्लग, बसविलेला असतो. 1960 च्या दशकात मुंबईत तयार होऊ लागलेल्या बी-275 या ट्रॅक्टरचे मूळ इंजिन याच जातीचे होते. मागाहून आलेल्या 'डी. आय.', म्हणजे थेट फवारणीच्या, इंजिनांत बहुधा असे प्लग नसतात. म्हणून आपला ट्रॅक्टर कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहावे.

धुराचीही खूण ध्यानी ठेवावी. पांढरा धूर निघत असेल तर डिझेल पोहोचत आहे, पण पेटत नाही, असे समजावे. धूर मुळीच नसेल तर प्लगांकडे न वळता टाकी, गाळणी व नळीतील हवा तपासावी.

जोडणीचे दोन प्रकार

पहिली एकसर जोडणी. हिच्यातील प्लगला दोन टोके असतात. एका प्लगमधून निघालेली पट्टी पुढच्या प्लगला जाते आणि शेवटच्या प्लगची तार इंजिनाच्या अंगाला, म्हणजे अर्थला, जोडलेली असते. प्रत्येक प्लगच्या वाट्याला सुमारे 2 व्होल्टच येतात. उरलेला दाब रोधक व फळीवरील दर्शक तार यांत खर्च होतो. साखळीतील एक कडी तुटली की चारही प्लग थंड पडतात.

दुसरी समांतर जोडणी. येथे प्लगच्या डोक्यावर एकच नट असतो व सर्व प्लगांवरून एकच पट्टी जाते. प्लगचे अंग आट्यांतूनच अर्थ होते. एक प्लग गेला तरी बाकीचे तापत राहतात.

हे दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. एकसर साखळीत समांतर जोडणीचा 12 व्होल्टचा प्लग बसविला तर त्याच्या अधिक रोधामुळे साखळीतील प्रवाह घटतो आणि एकही प्लग नीट तापत नाही. तसेच बिघडलेला प्लग तारेने ओलांडून काम भागवू नये. त्यामुळे उरलेल्या प्लगांवर जादा प्रवाह येऊन तेही जळतात.

चाचणी दिव्याने तपासणी

12 व्होल्टचा 5 वॅटचा बल्ब घेऊन त्याला दोन लांब तारा जोडाव्यात. प्रथम तो बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावून पेटतो की नाही हे पाहावे. गिअर मोकळा ठेवावा व हँडब्रेक लावावा. दिव्याची एक तार इंजिनाच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूला धरावी. मग प्लगांचा स्विच चालू करून दुसरी तार क्रमाने पुढील ठिकाणी टेकवावी.

1. स्विचकडून पहिल्या प्लगकडे येणारे टोक : येथे दिवा मुळीच पेटला नाही तर दोष मागे आहे. फ्यूज, स्विच, दर्शक व रोधक तपासावेत.

2. एकसर साखळीत पुढचे प्रत्येक टोक : साखळी अखंड असेल तर दिवा प्रत्येक टोकाला मंद होत जातो. एखाद्या टोकापर्यंत तो पूर्ण प्रखर पेटला व पुढे एकदम विझला, तर त्या दोन टोकांमधील प्लग अथवा पट्टी तुटलेली आहे.

3. शेवटच्या प्लगचे अर्थकडील टोक : येथेही दिवा प्रखर पेटला तर चारही प्लग शाबूत असून अर्थची तारच सुटलेली आहे. नवे प्लग आणण्याचा खर्च वाचला !

समांतर जोडणीत स्विच बंद करून पट्टी काढून टाकावी. दिव्याची एक तार बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाला व दुसरी एकेका प्लगच्या नटाला लावावी. दिवा पेटला तर प्लगची तार अखंड आहे. न पेटल्यास तो प्लग बदलावा.

एकसर जोडणीतील दर्शकही पुष्कळ काही सांगतो. तो मुळीच लाल झाला नाही तर प्रवाह तुटलेला असतो. मंद लाल झाला तर बॅटरी अशक्त किंवा सांधा सैल असतो. तो क्षणात भगभगीत लाल झाला तर कोठेतरी तार अंगाला टेकलेली असते.

सांध्यांतील गंज

या मंडलातून सुमारे 40 अँपिअर इतका मोठा प्रवाह जातो. एखाद्या गंजलेल्या सांध्यात केवळ 0.05 ओहम रोध असला तरी तेथेच 2 व्होल्ट वाया जातात. म्हणून दिवाळीनंतर, थंडी पडण्यापूर्वी, सर्व नट सोडून टोके पॉलिश कागदाने घासावीत व घट्ट आवळावीत. कोठेही बारीक तारेचा तुकडा जोडू नये. तो तापून आग लागण्याचा धोका असतो. हे काम करताना बॅटरीची अर्थची तार प्रथम सोडावी व सर्वांत शेवटी जोडावी.

हे टाळावे

इंजिन सुरू करण्यासाठी हवेच्या नळीजवळ पेटता बोळा धरू नये किंवा तेलाच्या तळाखाली जाळ करू नये. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा कदापि मारू नये. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकून इंजिन फुटण्याची व माणूस भाजण्याची भीती असते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असा एक चाचणी दिवा स्वतःजवळ बाळगावा व हंगामापूर्वी चार ट्रॅक्टरधारकांना एकत्र करून ही तपासणी प्रत्यक्ष दाखवावी. एक बल्ब व दोन तारा एवढ्याच साहित्यात पहाटेचा खोळंबा व नव्या प्लगांचा अनाठायी खर्च, दोन्ही टळतील.