ठोकळ आकड्याचा तळ

जगातील सर्वांत उंच शिखर कोणते, हे प्रथम ठरले ते त्यावर चढून नव्हे, तर कागदावरच्या आकडेमोडीने! सर्वेक्षण खात्याच्या दप्तरी ‘शिखर क्रमांक १५’ एवढीच त्याची ओळख होती. राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने त्याची उंची गणिताने काढली आणि १८५६ साली खात्याचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी ती जाहीर केली : २९,००२ फूट. हेच आपले एव्हरेस्ट.

या शेवटच्या दोन फुटांची एक गोष्ट सांगतात. निरनिराळ्या ठिकाणांहून केलेल्या मोजमापांची सरासरी म्हणे नेमकी २९,००० आली होती. पण तीन शून्ये पाहून लोक हा नुसता अंदाज समजतील, म्हणून दोन फूट पदरचे घातले! गोष्ट खरी असो वा नसो, शंका मात्र रास्त आहे. ठोकळ आकड्यामागे मूळ आकडा लहानात लहान किती असू शकेल?

रीत अगदी सोपी आहे. आकडा ज्या टप्प्याने ठोकळ केला असेल, त्याचा निम्मा त्यातून वजा करावा. २९,००० हा आकडा जवळच्या हजारापर्यंत ठोकळ केला असेल, तर तळ २८,५००. शंभरापर्यंत असेल तर २८,९५०. दहापर्यंत असेल तर २८,९९५. शून्ये तीच, तळ मात्र निराळा!

आता गंमत पाहा. त्या वेळच्या मोजणीत कांचनगंगा २८,१५६ फूट भरली होती. म्हणजे २९,००० हा हजाराचा ठोकळा धरला, तरी एव्हरेस्टचा तळ कांचनगंगेच्या वरच राहतो. पहिला क्रमांक अबाधित!

पण दर वेळी असे निभावत नाही. के-२ शिखर ८,६११ मीटर आणि कांचनगंगा ८,५८६ मीटर. दोन्ही शंभरापर्यंत ठोकळ करा : ८,६०० आणि ८,६००. दोघांचाही तळ ८,५५०. दुसरे कोण नि तिसरे कोण, हे या आकड्यांवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

शाळेत पाठ केलेल्या ८,८४८ मीटरचेही तसेच. १९५२-५४ च्या भारतीय मोजणीतले २९,०२८ फूट म्हणजे सुमारे ८,८४७.७३ मीटर, ८,८४८ चा तळ ८,८४७.५, म्हणून ते त्यात बसले. २०२० साली नेपाळ व चीन यांनी जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर, तिचा ठोकळा मात्र ८,८४९ होतो.

हिमालय दूर राहिला, तरी हिशेब घरचाच आहे. भिंत “नऊ फूट” असे कोणी सांगितले, तर सुताराला पावणेनऊ फुटी कपाट सांगण्यापूर्वी जरा थांबावे. जवळच्या फुटापर्यंत मोजलेली ती भिंत साडेआठ फुटांचीही असू शकते. जिथे वस्तू मावायची आहे, तिथे ठोकळ्यावर नव्हे, तळावर भिस्त ठेवावी.