किती पेपर झाले?

मोरोक्कोतल्या एरफूद या वाळवंटी गावाच्या परिसरात डेव्होनियन काळातले अमोनॉइड, म्हणजे शंखासारखे वळलेले सागरी जीवाश्म, इतके विपुल मिळतात की ते घासूनपुसून पर्यटकांना विकले जातात. पॅरिसच्या दुकानांतही ते मिळत. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाचे पुराजीवशास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांना हेच जीवाश्म भलत्याच पत्त्यावर आढळले. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांच्या शोधनिबंधांत ते हिमालयात सापडल्याची नोंद होती.

गुप्ता हे साधेसुधे नाव नव्हते. हिमालयाच्या प्राचीन थरांवर त्यांचे शेकडो निबंध प्रसिद्ध झाले होते आणि पंचवीसेक वर्षे ते त्या विषयातले अधिकारी मानले जात होते. १९८७ मध्ये कॅलगरीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत टॅलेंट यांनी त्यांच्या कामातल्या विसंगती मांडल्या, तेव्हा गुप्ता स्वतः तिथे हजर होते. एप्रिल १९८९ मध्ये ‘नेचर’ने टॅलेंट यांचा लेख छापला आणि प्रकरण जगभर गेले. गुप्तांनी आरोप फेटाळले.

हा प्रकार इतकी वर्षे खपला कसा, हे समजायला कोनोडाँट पाहावेत. हे दातांसारखे अतिसूक्ष्म अवशेष असतात. चुनखडक आम्लात विरघळवला की ते हाती लागतात आणि त्यांच्यावरून खडकाचे वय ठरते. असे शेकडो कण एका लहानशा कुपीत मावतात. कुपी कुठेही नेता येते आणि कण स्वतः कुठून आला ते सांगत नाही. तो अमुक ओढ्याकाठच्या अमुक थरातून काढला, ही संशोधकाची नोंद हाच पुरावा. गुप्तांच्या निबंधांतले काही कोनोडाँट न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्सडेल क्रीक या सुपरिचित ठिकाणच्या नमुन्यांशी तंतोतंत जुळणारे निघाले. जीवाश्म अस्सल होते. खोटे होते ते ठिकाण.

मला यात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती सहलेखकांची यादी. शंभराहून अधिक संशोधकांची नावे गुप्तांच्या नावाशेजारी छापली गेली आणि त्यांत परदेशातले नामवंत तज्ज्ञही होते. नमुना टपालाने यायचा, तज्ज्ञ तो बरोबर ओळखायचा, वर्णन लिहायचा, निबंध तयार व्हायचा. या कामात लबाडी नव्हती. पण ‘ती जागा आम्हाला दाखवा’ असा आग्रह धरायला हवा होता, तो फार थोड्यांनी धरला. हिमालय दुर्गम, सीमाभाग बंदिस्त, त्यामुळे शब्दावर विश्वास ठेवणे सोयीचे होते. आणि निबंधावर आपलेही नाव येत होते. त्या नोंदींवर पुढच्यांनी नकाशे, थरांचा क्रम आणि प्राचीन समुद्रांचे आराखडे बेतले. एवढ्या मोठ्या पर्वताच्या भूशास्त्रात कुठली नोंद खरी आणि कुठली टाकाऊ, हे निवडण्यात इतरांची उमेदीची वर्षे खर्ची पडली. गुप्तांची चौकशी झाली, त्यांच्यावर ठपकाही ठेवला गेला, पण नोकरी गेली नाही. २००२ मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले.

त्याच सुमारास कुमाऊँ विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या नावावरचा भौतिकशास्त्राचा एक निबंध स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलोश यांच्या जुन्या निबंधावरून उचललेला असल्याचे उघड झाले. स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी थेट राष्ट्रपती अब्दुल कलाम यांना पत्र लिहिले आणि २००३ मध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. निबंध विद्यार्थ्याबरोबरचा होता. गाइडने न वाचलेल्या निबंधावर गाइडचे नाव, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. विद्यार्थ्याला नकार देता येत नाही, कारण सहीविना प्रबंध पुढे सरकत नाही.

पुढे हा रोग मोजक्या माणसांपुरता राहिला नाही, आणि त्याला खतपाणी नियमांनीच घातले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी एक तरी निबंध छापून येणे सक्तीचे केले. २०१० मध्ये ‘एपीआय’, म्हणजे शिक्षकाच्या शैक्षणिक कामगिरीचा गुणांक, आला. पेपर, पुस्तक, परिषद, प्रत्येकाला गुण ठरले आणि ते भरल्याशिवाय पदोन्नती मिळेना. हेतू वाईट नव्हता. पण ज्या महाविद्यालयात प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद खोली, ग्रंथालयात चालू नियतकालिक नाही आणि आठवड्याचे तास वर्गात व परीक्षेच्या कामात संपतात, तिथल्या शिक्षकाकडूनही तेच गुण मागितले गेले. मग पैसे भरा आणि चार दिवसांत छापून घ्या, अशी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली. परिषदेला आलेल्यांचे पेपर आयएसबीएन घालून एका बाडात बांधले की प्रत्येकाचे गुण सुटत. ते बाड कोणी उघडत नसे.

या बाजाराचे मोजमाप पुण्यातच झाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून अनुदान आयोगाच्या मान्य यादीत आलेली १००९ नियतकालिके त्यांनी तपासली. निकषांना उतरली फक्त ११२. ही नावे कोणा ठगाने यादीत घुसवली नव्हती, ती विद्यापीठांनी सुचवली होती. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे ‘केअर’ ही नवी यादी पुणे विद्यापीठाच्या मदतीने उभी राहिली. २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद करून निवड पुन्हा संस्थांवर सोपवली.

वाङ्मयचौर्यासाठी २०१८ मध्ये टक्केवारीचा नियम आला. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, साठाच्या वर गेले तर नोंदणी रद्द. नियम हवाच होता. पण संगणक शब्दाशी शब्द जुळवतो. इंग्रजी ग्रंथातले प्रकरण मराठीत उतरवून प्रबंधात घातले तर ते सहसा निसटते. वाक्ये फिरवून देणारी दुकानेही आहेत. आणि न केलेल्या प्रयोगाचे आकडे किंवा घरबसल्या भरलेल्या प्रश्नावल्या यांच्यात साम्य शून्य टक्के येते, कारण ते कुठेच आधी छापलेले नसतात. अशा प्रबंधाला स्वच्छतेचा दाखलाच मिळतो. गुप्तांचे निबंधही या चाळणीतून आरामात पार झाले असते.

महाराष्ट्रात आणखी एक कारण आहे. वर्षानुवर्षे प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि वर्ग सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर चाललेले. नेट-सेट झालेली, चाळिशीकडे झुकलेली माणसे तासाच्या पैशांवर दोन-दोन महाविद्यालयांत धावतात आणि कधीतरी निघणाऱ्या जाहिरातीसाठी पेपरांची संख्या वाढवत बसतात. त्यांना फक्त नीतीचे धडे देणाऱ्यांचा मला राग येतो. चूक ती चूकच. पण ज्याच्या घराचा हप्ता पेपरच्या आकड्यावर ठरतो, त्याच्या हाती त्या पेपरचा दर्जा सुरक्षित राहील, ही अपेक्षा व्यवस्थेने करू नये. मुलाखतीत पहिला प्रश्न ‘किती पेपर झाले?’ असतो. ‘त्यातला एक समजावून सांगा’ असे म्हणणारे मंडळ फार क्वचित भेटते.

२०२२ च्या नियमावलीने प्रबंधाआधीच्या निबंधाची सक्ती काढली, हे बरे झाले. शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीतही मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण कापण्याची सोय २०२५ मध्ये आली. तेवढ्याने भागणार नाही. प्रबंधाबरोबर कच्च्या नोंदवह्या, भरलेल्या प्रश्नावल्या आणि मुलाखतींची ध्वनिमुद्रणे विभागात जमा झाली पाहिजेत आणि व्हायवाच्या दिवशी ती परीक्षकांच्या टेबलावर असली पाहिजेत. पदोन्नतीसाठी उमेदवाराने स्वतः निवडलेले दोनच निबंध मागावेत आणि ते विषय जाणणाऱ्या बाहेरच्या दोघांनी आधी वाचलेले असावेत. तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच दिवशी दुसरा गाइड मिळावा. यातल्या कशालाही नवे अनुदान लागत नाही. लागतो तो वाचायला वेळ, आणि तो विद्यापीठाने प्राध्यापकाच्या वेळापत्रकात लेखी धरला पाहिजे.