कलाहारीतील विंधन विहीर

विकासाचे अर्थशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकाला बोट्स्वाना हा देश फार सोयीचा आहे. काँगो, अंगोला, सिएरा लिओन या खनिजसंपन्न देशांची दुर्दशा सांगून झाली की वर्गातला एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतोच, ‘‘मग जमिनीत धन सापडणे हा शापच का?’’ अशा वेळी बोट्स्वाना मदतीला धावून येतो. १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा हा देश जगातील अत्यंत दरिद्री देशांपैकी एक होता. डांबरी रस्ते मोजून दहा-बारा किलोमीटर, पदवीधर बोटांवर मोजण्याइतके, आणि पाचवीला पुजलेले अवर्षण. १९६७ मध्ये ओरापा येथे हिऱ्यांचा साठा सापडला आणि चार वर्षांत तेथील खाण सुरू झाली. १९८२ मध्ये सुरू झालेली ज्वानेंगची खाण तर उत्पादनाच्या मूल्याने जगातील सर्वांत श्रीमंत खाण गणली गेली. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी खनिजांचे हक्क टोळ्यांकडून राष्ट्राकडे घेतले. सर्वांत मोठा साठा त्यांच्या स्वतःच्या टोळीच्या मुलखात निघाला असताना त्यांनी हे केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खाणकंपनीत सरकारने निम्मा वाटा मिळविला. पैसा शाळा, दवाखाने आणि रस्ते यांकडे वळला. निवडणुका वेळेवर होत राहिल्या आणि लष्कराने कधी सत्ता बळकावली नाही.

हे सारे खरे आहे आणि ते नाकारण्याचा या लेखाचा हेतू नाही. परंतु या यशाच्या ताळेबंदात पंचावन्न हजार पुलांची एक नोंद आहे. तिच्याकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थोडे थांबून पाहावे असे मला वाटते. पुला हे बोट्स्वानाच्या चलनाचे नाव. त्स्वाना भाषेत त्याचा अर्थ ‘पाऊस’. रखरखीत देशाने आपल्या पैशाला पावसाचे नाव द्यावे यात नवल नाही. नवल आहे ते त्या पैशाचा हिशेब पाण्याच्या संदर्भात कसा मांडला गेला याचे.

देशाच्या मध्यभागी कलाहारीचे मध्यवर्ती राखीव वन्यप्राणी क्षेत्र आहे. विस्तार सुमारे ५२,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक-षष्ठांशाहून अधिक. १९६१ साली ब्रिटिश अमदानीत ते आखले गेले. हेतू दुहेरी होता : वन्य प्राण्यांचे संरक्षण आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार व कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांच्या निवाऱ्याचे संरक्षण. हे लोक म्हणजे सान जमातींपैकी गाना व ग्वी, आणि त्यांच्या शेजारी राहणारे काही बाकगालागादी. बहुसंख्य त्स्वाना समाज सान लोकांना ‘बासार्वा’ म्हणतो. इंग्रजी पुस्तकांतून ‘बुशमेन’ या नावाने ते आपल्याला परिचित आहेत. दक्षिण आफ्रिका खंडातील सर्वांत जुने रहिवासी ते हेच. त्या वाळवंटात बारमाही नदी नाही, तळे नाही. पावसाळ्यानंतर काही दिवस खळग्यांत साचलेले पाणी, आणि एरवी रानटी कलिंगडांतील व मुळांतील ओलावा, यांवर त्यांनी शतके काढली.

गुरे हे त्स्वाना समाजाचे धन आणि प्रतिष्ठा. गुरे नसलेला सान मनुष्य त्या समाजाच्या उतरंडीत शेवटच्या पायरीवर. गुराख्याचे काम, पोटापुरते अन्न, वेतन नाही, आणि ही चाकरी बापाकडून मुलाकडे, असा प्रघात होता. ही गुलामगिरीच नव्हे काय, याची चौकशी करण्यासाठी १९३१ साली ब्रिटिश सरकारला एक आयोग नेमावा लागला होता. स्वातंत्र्यानंतर कायद्याने सारे समान झाले, पण जमिनीने नाही. १९७५ मध्ये सरकारने चराऊ जमिनींचे नवे धोरण आणले. सामाईक जमिनींवर गुरांची गर्दी फार झाली, म्हणून मोठ्या पशुपालकांनी ‘रिकाम्या’ प्रदेशात कुंपणे घालून स्वतंत्र पट्टे घ्यावेत, असे त्याचे सूत्र. त्याच वर्षीच्या लोमे करारामुळे युरोपीय बाजारपेठेत बोट्स्वानाच्या गोमांसाला सवलतीच्या जकातीने प्रवेश मिळाला होता. त्यामुळे विंधन विहीर खोदून शंभर-दोनशे जनावरे बाळगणे हा किफायतीचा धंदा झाला. अडचण एवढीच, की त्या ‘रिकाम्या’ जमिनींवर माणसे होती. ती शिकार करणारी असल्याने त्यांची शेते नव्हती, कुंपणे नव्हती, सात-बारा नव्हता. आपल्याकडील आदिवासींच्या जमिनींचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढची कथा सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा रीतीने बाहेरची भूमी आटत गेल्यावर राखीव क्षेत्र हाच मोठा आसरा उरला. तेथे मोथोमेलो नावाच्या वस्तीजवळ १९८५ च्या सुमारास हिऱ्यांचा शोध घेणाऱ्या कंपनीने आपल्या कामासाठी एक विंधन विहीर खोदली. काम संपल्यावर ती विहीर लोकांच्या उपयोगी पडली. तिचे पाणी टँकरने इतर वस्त्यांनाही पुरविले जाऊ लागले. परंतु १९८६ मध्येच सरकारने निर्णय घेतला की या वस्त्यांची वाढ होऊ द्यायची नाही, आणि लोकांना बाहेर येण्यास प्रवृत्त करायचे. कारणे दोन सांगण्यात आली. एक म्हणजे लोक आता घोडे, गाढवे, शेळ्या बाळगतात, त्यामुळे ते वन्य जीवनाशी विसंगत ठरतात. दुसरे, त्यांना विकासाचा लाभ द्यायचा तर तो राखीव क्षेत्राबाहेरच देता येईल. १९९७ मध्ये पहिली मोठी हलवाहलव झाली. न्यू काडे आणि काउद्वाने या नव्या वसाहतींत शाळा, दवाखाना आणि नळ होते. कुटुंबामागे पाच गुरे किंवा पंधरा शेळ्या देण्यात आल्या. जे मागे राहिले, त्यांच्या सेवा जानेवारी २००२ अखेर बंद झाल्या. पंप उचलला गेला, विहीर निकामी केली गेली. साठवलेले पाणीदेखील ओतून टाकले गेले.

सरकारचे म्हणणे असे, की या सेवांवर दरमहा पंचावन्न हजार पुला खर्च होतात आणि एवढ्याशा लोकांसाठी तो परवडत नाही. हे लोक होते सहा-सातशे. म्हणजे माणशी महिन्याला शंभर पुलांच्या आत. त्या वेळच्या दराने एकूण रक्कम नऊ हजार अमेरिकी डॉलरांच्याही आत भरते. ज्या देशाची परकीय गंगाजळी कित्येक महिन्यांच्या आयातीला पुरून उरत होती, त्या देशाला हा खर्च न परवडणारा होता, हे विधान कोणत्याही अर्थाने अर्थशास्त्रीय नाही. दरडोई खर्चाचे गणित पुढे करून दूरच्या व थोड्या माणसांच्या सेवा काढून घेण्याची ही रीत मात्र आपल्याला अपरिचित नाही. कमी पटाच्या वाडीवरील शाळेविषयी जिल्हा परिषदेच्या कचेऱ्यांतून जी टिपणे फिरतात, ती आमच्या शिक्षक वाचकांनी पाहिलेली असतील.

मग खरे कारण काय? परदेशातील काही संघटनांनी एका शब्दात उत्तर दिले : हिरे. राखीव क्षेत्रातील गोपे येथे हिऱ्यांचा साठा १९८० च्या दशकात आढळला होता, त्यामुळे हा तर्क सहज पटण्याजोगा वाटला. मला तो अपुरा वाटतो. गोपेची खाण प्रत्यक्षात सुरू झाली ती २०१४ मध्ये आणि किफायतशीर नसल्याने २०१७ मध्ये थांबली. एका मध्यम खाणीसाठी सरकार वीस वर्षे एवढी अपकीर्ती सोसत राहिले असेल असे दिसत नाही. कारण अधिक खोल आहे आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारे. गुरे, शेत, पक्के घर, शाळा यांतूनच मनुष्य सुधारतो, आणि शिकारीवर जगणारा मनुष्य हा गतकाळाचा अवशेष, ही राज्यकर्त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. जबाबदार व्यक्तींच्या तोंडून ‘अश्मयुगीन’ हा शब्द जाहीरपणे निघाला होता.

त्या श्रद्धेला एक उदात्त बाजूही होती. सेरेत्से खामा यांनी १९४८ मध्ये गोऱ्या तरुणीशी विवाह केला म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांना कित्येक वर्षे मायदेशी येऊ दिले नव्हते. शेजारी दक्षिण आफ्रिकेत माणसांची वंशावर वर्गवारी करून त्यांना कोंडून ठेवणारे राज्य होते. तेव्हा ‘आमच्या देशात वंश पाहून वेगळे काही नाही, सारे नागरिक एकच’ ही भूमिका बोट्स्वानाने घेतली ती समजण्यासारखी होती. १९७४ मध्ये बुशमेन लोकांच्या विकासासाठी एक कार्यक्रम सुरू झाला. चार-पाच वर्षांतच त्याचे नाव ‘दुर्गम क्षेत्र विकास कार्यक्रम’ असे झाले, आणि नावातून जमातच नाहीशी झाली. परंतु भेद न पाहण्याचे धोरण हे भेद असलेल्या समाजात बलवानाच्या पथ्यावर पडते.

रॉय सेसाना आणि त्यांचे सहकारी २००२ मध्ये उच्च न्यायालयात गेले. देशाच्या इतिहासात इतका लांबलेला खटला क्वचितच झाला असेल. तो चालू असताना, २००५ मध्ये, बुशमेनांच्या हितरक्षणाचा उल्लेख असलेला राज्यघटनेतील भाग दुरुस्ती करून वगळण्यात आला, हेही नोंदले पाहिजे. १३ डिसेंबर २००६ रोजी दिबोतेलो, डाऊ आणि फुमाफी या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला. युनिटी डाऊ या त्या देशाच्या उच्च न्यायालयातील पहिल्या महिला न्यायाधीश. परकीयाशी विवाह केलेल्या स्त्रीच्या मुलांनाही नागरिकत्व मिळावे, यासाठी त्या स्वतः पूर्वी सरकारविरुद्ध लढून १९९२ मध्ये जिंकल्या होत्या. लोकांना त्यांच्या भूमीवरून हलविणे आणि शिकारीचे परवाने नाकारणे बेकायदा होते, असे दोन विरुद्ध एक मताने ठरले. शिधा बंद करणे आणि त्याच वेळी शिकारही बंद करणे म्हणजे राहिलेल्यांना उपासमारीने मरणास सोडणे होय, असा फुमाफी यांच्या निकालपत्राचा आशय होता. पाण्यासह सेवा बंद करणे मात्र बहुमताने बेकायदा ठरले नाही. थोडक्यात, घरी परत जा, पण पाणी मागू नका.

योगायोग असा, की त्यानंतर दोनच दिवसांनी, १५ डिसेंबर २००६ रोजी, आपल्या लोकसभेने वनहक्क विधेयक संमत केले आणि वननिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय कायद्याच्या शब्दांत मान्य केला. त्या कायद्याच्या अंमलबजावणीविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. तरीही गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर कलमाच्या आधाराने. कलाहारीत नेमके हेच घडले नाही. सरकारने निकालाचा अर्थ शक्य तितका संकुचित लावला. ज्यांची नावे अर्जावर होती ते सुमारे दोनशे अर्जदार आणि त्यांची लहान मुले परत जातील, इतरांनी प्रवेशाचा परवाना काढावा. मुलगा सज्ञान झाला की आईबापांना भेटण्यासाठी परवाना! शिकारीचे परवाने तर निकालानंतरही मिळाले नाहीत.

विहिरीसाठी पुन्हा न्यायालय गाठावे लागले. लोकांची मागणी विलक्षण साधी होती : सरकारने पैसा देऊ नये, आम्ही आमच्या खर्चाने जुनी विहीर दुरुस्त करतो, फक्त मनाई करू नका. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाने तीही फेटाळली. सोयींपासून दूर राहण्याचे तुम्हीच ठरविले, तर गैरसोयही तुमचीच, असा एकंदर सूर होता. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला होता, आणि त्याच सुमारास राखीव क्षेत्रात पर्यटकांसाठी पोहण्याच्या तलावासह निवासस्थान सुरू झाले होते. अखेर २७ जानेवारी २०११ रोजी अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला. कायदेशीरपणे राहणाऱ्या माणसाला त्याच्या भूमीतील पाणी स्वखर्चानेही काढू न देणे ही अपमानास्पद वागणूक आहे आणि ती घटनेला मान्य नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी मोथोमेलोला पाणी पुन्हा वाहू लागले.

या कथेशी आपला संबंध केवळ सहानुभूतीचा नाही. बोट्स्वानाचे कच्चे हिरे सुरतेत पैलू पाडण्यासाठी येतात आणि वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांचे सौदे होतात. २०१३ मध्ये डी बीयर्सने आपली विक्री लंडनहून गॅबोरोनला हलविल्यापासून मुंबईचे व्यापारी तिकडे जात-येत आहेत. अलीकडे प्रयोगशाळेत घडविलेल्या हिऱ्यांनी बाजारभाव पाडले, त्यांतही सुरतेचा हात आहे. २०२४ मध्ये बोट्स्वानाची अर्थव्यवस्था चक्क आकुंचन पावली. भरल्या तिजोरीत जे पंचावन्न हजार पुला जड झाले, ते आटलेल्या तिजोरीत कसे दिसतील ही काळजीची बाब आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर झालेल्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष हरला आणि ड्युमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. वकील म्हणून त्यांनी पूर्वी याच सान लोकांची बाजू मांडली होती. त्यांच्यापुढे आलेल्या पहिल्या प्रकरणांपैकी एक होते एका मृतदेहाचे. राखीव क्षेत्रात जन्मलेल्या एका वृद्धाचे डिसेंबर २०२१ मध्ये निधन झाले. वाडवडिलांच्या भूमीत, मेत्सिआमानोंग येथे त्यांना पुरावे अशी कुटुंबीयांची इच्छा होती. सरकारने नकार दिला, न्यायालयांनी तो उचलून धरला, आणि जवळजवळ तीन वर्षे देह शवागारात राहिला. नव्या राष्ट्राध्यक्षांनी परवानगी दिल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये दफन झाले. ही परवानगी राष्ट्राध्यक्षांची आहे. तिने २०२२ चा अपील न्यायालयाचा निकाल बदललेला नाही. मेत्सिआमानोंगमधील दुसऱ्या एखाद्या कुटुंबावर तशी वेळ आली, तर त्यांनी कोणत्या कलमाचा आधार घ्यायचा, हे त्या दफनाने ठरत नाही.