हुलगा हाती येईपर्यंत

हुलग्यातला खडा हुलग्यासारखाच दिसतो. तसाच चपटा, तसाच तांबूस, मापानेही तेवढाच. सुपात पाखडलं की फोलपट उडतं, माती गळते. खडा मात्र दाण्यांत बेमालूम बसून राहतो. म्हणून रोळावं लागतं. आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणालगतच्या एका वाडीत, एका घराच्या ओसरीवर बसून तिथल्या मावशींचं रोळणं बघत होतो. परातीत पाणी घेऊन दाणे बुडवायचे, परात हलकेच हेलकावायची आणि पाण्याबरोबर उचलून आलेले दाणे तळहाताच्या आडोशाने दुसऱ्या भांड्यात सोडायचे. खडा जड, तो तळाशी राहतो. शेवटी मूठभर ऐवज उरतो, दाणे आणि खडे अर्धेअर्धे. ते बोटाने वेचायचे. मग सगळं पुन्हा उन्हात, कारण ओल्या दाण्याचं पीठ होत नाही.

“दगडात वाढतो, मंग दगड घिऊनच येनार की,” मावशी म्हणाल्या.

दगडात वाढतो हे खरंच. जुन्नर-आंबेगावात चांगली जमीन हुलग्याच्या वाट्याला कधी आली नाही. उताराचं वरकस रान, मुरमाड माळ, बांधाकडेची पट्टी. पावसाचा जोर ओसरला की पेरायचा आणि विसरून जायचं. खत नाही, पाणी नाही. हवेतला नत्र मुळांच्या गाठींत धरून तो आपलं भागवतो. तीन पानांची लवदार वेल, हिरवट पिवळं फूल, त्यावर जांभळा ठिपका, आणि विळ्यासारखी वाकडी, केसाळ शेंग.

पण शेतात काही न मागणारा हा गडी काढणीपासून वसुली सुरू करतो. वाळलेली शेंग ऊन लागलं की तडकते आणि दाणे जमिनीत जातात. म्हणून उपटणी पहाटेची, दव असताना. “ऊन चढलं का हातात शेंगा आन् रानात दाने,” हे मावशींच्या मालकांचं म्हणणं. खळ्यावर वाळवून काठीने बडवायचा, वाऱ्याच्या तोंडी उफणायचा. भुसकट गुरं चवीने खातात, तेही जपून ठेवायचं. काही ठिकाणी आता डांबरी रस्त्यावर पसरतात आणि मळणी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. खडे मग आणखी वाढतात.

हुलग्याच्या गोतावळ्याचा घोळ वनस्पतिशास्त्रज्ञांनीही बराच काळ घातला. वाल-पावट्याचा सख्खा भाऊ समजून जुन्या ग्रंथांत त्याचं नाव डॉलिकॉस बायफ्लोरस असं पडलं. 1970 मध्ये बर्नार्ड व्हर्डकोर्ट या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की लिनियसने ते नाव दिलेली वनस्पती मुळात चवळी होती. हुलगा गेला मॅक्रोटायलोमा या वेगळ्या घरात. शेतीच्या पुस्तिकांत जुनं नाव अजून सुखाने नांदतं. या घरातली बहुतेक मंडळी आफ्रिकेत आहेत. पश्चिम आफ्रिकेतला एक भाऊबंद तर भुईमुगासारखा जमिनीखाली शेंगा धरतो, आणि तिथे तो आवडीने खाल्ला जातो. ऑस्ट्रेलियात हुलगा पेरतात तो गुरांच्या चाऱ्यासाठी. मूग, मटकी, उडीद, वाल ही थोडी लांबची, पण त्याच कुळातली.

आपला हुलगा मात्र इथलाच. आहुप्याच्या डोंगरात उगम पावणारी घोड नदी पूर्वेला शिरूर तालुक्यात इनामगावावरून जाते. तिथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन घरांत जळालेले जे दाणे सापडले, त्यांत वालाबरोबर हुलगाही आहे. खडे तेव्हाही निवडावेच लागले असणार. त्याच घोड नदीवर डिंभे धरण झालं, कुकडी प्रकल्पाचे कालवे फिरले, पूर्वेकडच्या रानांत ऊस, कांदा, टोमॅटो आला. पाणी आलं तिथून हुलगा उठला. त्याला गरिबाचं धान्य म्हणतात ते मला पटत नाही. एवढा वेळ मागणारी वस्तू स्वस्त कशी?

आणि हा सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी, त्या शेंगोळ्यांचं काम अजून पुढेच आहे. हुलग्याच्या पिठात ठेचलेला लसूण, जिरं, तिखट, हळद, मीठ. पाणी बेताचंच, गोळा घट्ट हवा, सैल झाला तर शेंगोळे रश्शात विरघळून पिठलं होतं. तेलाचं बोट लावून लहानशी गोळी घ्यायची, पाटावर तळव्याने वळत करंगळीएवढी वळी करायची, टोकं जुळवून कडं. चुलीवर लसणाच्या फोडणीत पाणी खळखळू लागलं की एकेक सोडायचं. एकदम टाकली तर चिकटतात. कडी पक्की होईपर्यंत डाव घालायचा नाही. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यात कालवून शेवटी तेच रश्शात ओततात, त्याने रस्सा अंगाला येतो.

पिठात ज्वारी मिसळायची की नाही, यावर या घरात दोन तट आहेत. सून मिसळते, वळायला सोपं जातं म्हणते. मावशींच्या मते ती लबाडी. त्या दिवशी पीठ सुनेने मळलं होतं. मावशींनी दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली, आणि मग सांगितलं, की ज्वारी जरा जास्तच झाली.