ढगाखालचं पाणी

३ जून २०२० च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलेलं 'निसर्ग' संध्याकाळी पुणे जिल्ह्यात आलं, तेव्हाही ते चक्रीवादळच होतं. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच असलेल्या चाकण-खेड पट्ट्यात समुद्र येण्याचा प्रश्नच नव्हता. आला तो वारा. पत्रे उडाले, पॉलिहाऊस फाटले, पिंपरी-चिंचवडमध्ये झाडं आडवी झाली.

या वादळाचा माग काढणाऱ्यांत इन्सॅट-३डी आणि ३डीआर हे उपग्रह होते. ३६,००० किलोमीटरवरून प्रत्येकी अर्ध्या तासाला एक चित्र. वेळा आलटूनपालटून लावल्या की दर १५ मिनिटांना एक. ढगांची गुंडाळी किती घट्ट, माथे किती थंड, यावरून वाऱ्याचा जोर ठरवायची रीत व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात बसवली. वैद्याने नाडी बघून ताप सांगावा, तसंच हे.

समुद्र किती फुगणार, हे मात्र ढगांच्या चित्रात दिसत नाही. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला तर पाणी जेमतेम १ सेंटिमीटर चढतं. खरा रेटा वाऱ्याचा. तो उथळ किनाऱ्याकडे पाणी लोटतो. म्हणून वाऱ्याचे आकडे गणितात घालून अंदाज काढतात. 'निसर्ग'च्या वेळी मुंबई, ठाणे, रायगडसाठी तो भरतीच्या वर १ ते २ मीटर होता.

आपल्या पुणे जिल्ह्यातला पूर मात्र नदीचा. २५ जुलै २०२४ ला पिंपरी-चिंचवडच्या सांगवीत पाणी शिरलं, तेव्हा वर ढगांचं झाकण होतं आणि साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह अशा वेळी आंधळाच. रडारचा उपग्रह ढगातून पाहतो. संथ पाणी त्याच्या लहरी आरशासारख्या दुसरीकडे परतवतं, म्हणून चित्रात काळं उमटतं. शेतात हे छान जमतं. गावात घोळ होतो: भिंती लखलखतात, त्यांच्या मधल्या बोळातलं पाणी लपतं आणि चाकणमधला गुळगुळीत डांबरी रस्ता कोरडा असूनही काळा दिसतो. म्हणून पुराआधीचं चित्र शेजारी ठेवावंच लागतं.

शिवाय उपग्रह तेव्हा डोक्यावर हवा. ३० जुलै २०२५ ला सोडलेला 'निसार' हा रडार उपग्रह त्याच मार्गावर १२ दिवसांनी परततो. सांगवीची पवना नदी तेवढी थांबत नाही. मग चित्रावरून काढलेला पुराचा नकाशा बरोबर आला का, हे पडताळायला सांगवीतल्या भिंतीवरची गाळाची रेघ टेपनेच मोजावी लागते, तीही रंगारी येण्याआधी.