पाहुण्याला सांगायचा आकडा

माझ्या सुरुवातीच्या कविता एका जुन्या संगणकावर टाइप केलेल्या होत्या. तो संगणक बिघडला, फाइली तेवढ्या वाचल्या. पण त्यातला फॉन्ट नव्या यंत्रांना वाचता येईना. पडद्यावर नुसत्या चौकटी आणि फुल्या. अखेर माझा भाचा मदतीला आला. त्याने आपल्या लॅपटॉपच्या आतच एक दुसरा, भासमान संगणक उभा केला. त्यात जुनी विंडोज आणि जुना फॉन्ट घातला, आणि माझ्या ओळी जशाच्या तशा समोर आल्या.

"मामू, आतला संगणक म्हणजे पाहुणा आणि बाहेरचा लॅपटॉप यजमान. आमच्यात असंच म्हणतात," तो म्हणाला. यंत्रांच्या दुनियेत इतके घरगुती शब्द असतील असे मला वाटले नव्हते.

ही कल्पना तशी नवी नाही. अमेरिकेत केंब्रिज येथे आयबीएमच्या केंद्रात १९६७ साली एका मोठ्या यंत्रावर चौदा भासमान यंत्रे चालवली जात होती. आज बँका, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या यांचे कितीतरी काम अशा पाहुण्यांवरच चालते. म्हणून पाहुणा अडला तर माणसेही अडतात.

तो कशाने अडतो? त्याचे एक कारण आहे पत्ता. संगणकाच्या मेमरीतल्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो आणि तो किती अंकी असावा हे प्रोसेसर घडवतानाच ठरते. मुंबईचे दूरध्वनी क्रमांक सात अंकांचे आठ अंकी झाले, तेव्हा किती नवे क्रमांक उपलब्ध झाले हे आपल्याला आठवत असेल. संगणकाच्या अंकाला बिट म्हणतात आणि एक बिट वाढला की जागा दुप्पट होते. ३२ बिटांत ४ जीबी, ३६ बिटांत ६४ जीबी, ३९ बिटांत ५१२ जीबी आणि ४० बिटांत एक टेराबाइट. घरगुती वापराच्या अनेक इंटेल प्रोसेसरांची मर्यादा ३९ बिटांची असते. मोठ्या सर्व्हरांची ४६ किंवा त्याहून अधिक.

पाहुण्याला मात्र बाहेरचे घर दिसत नाही. यजमान सांगेल तो आकडा तो खरा मानतो. क्यूएमू या प्रसिद्ध प्रणालीत वर्षानुवर्षे ठरीव आकडा ४० होता. आता समजा, यजमान ३९ बिटांचा आहे आणि पाहुण्याला सांगितले ४०.

तुम्ही म्हणाल, पाहुण्याला मेमरी दिली अवघी ८ जीबी, मग ५१२ च्या पलीकडे तो जाईलच कशाला? इथेच मेख आहे. पत्ते केवळ मेमरीला लागत नाहीत, ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांनाही लागतात. अशा कार्डाला मोठी सलग जागा हवी असते आणि ती पत्त्यांच्या वरच्या टोकाला देण्याची रीत आहे. पाहुणा विश्वासाने कार्डाला वरच्या मजल्यावर जागा देतो. यजमानाच्या घराला तो मजलाच नाही! मग उपकरण चालत नाही, किंवा पाहुणा सुरूच होत नाही. आकडा फार कमी सांगितला तरीही पंचाईत: ३६ सांगितले, तर ६४ जीबीपलीकडची मेमरी देऊनही ती वापरता येत नाही.

म्हणून यजमानाचा खरा आकडाच पाहुण्याला सांगावा, अशी सोय क्यूएमूमध्ये २०१६ साली आली. पण त्यातही एक अडचण होती. मोठ्या केंद्रांत चालू पाहुणा एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवतात, काम न थांबवता. ४६ बिटांच्या घरी वाढलेला पाहुणा ३९ बिटांच्या घरी नेला तर? आकडा त्याला सुरू होतानाच सांगितलेला असतो, मध्येच बदलता येत नाही. यासाठी २०१९ साली वरची मर्यादा घालण्याचीही सोय झाली: यजमानाचा आकडा सांगा, पण अमुक एका आकड्यापुढे जाऊ नका. ज्या ज्या घरी पाहुणा जाण्याचा संभव आहे, त्यातल्या सर्वांत लहान घराचे माप ही ती मर्यादा.

मला यात आपल्याकडच्या शहाण्या यजमानाची रीत दिसली. घरात जेवढे आहे तेवढेच तो सांगतो आणि तेवढे मात्र नक्की देतो.

मी भाच्याला विचारले, "माझ्या कवितांच्या पाहुण्याचं काय?"

तो हसला. "मामू, तुमचा पाहुणा ३२ बिटांचा. ४ जीबीच्या पलीकडे तो बघतच नाही. त्याला कुठलंही घर चालेल."